रोजच्या वापरासाठी एक घड्याळ

३ मार्च, सोमवार

ठरलं. घड्याळ घ्यायचं. साधंसुधं नाही. स्टीलचं, स्पोर्ट्स प्रकारातलं, चारचौघांनी मान वळवून बघावं असं. आणि रोज वापरायचं. कपाटात ठेवून द्यायला नाही.

कारण लिहून ठेवतो. आमच्या एमआरआय विभागाचे इन्चार्ज महिनाअखेर रिटायर होताहेत. त्यांच्या जागी दोघांपैकी एकजण जाणार. मी किंवा ज्युनिअर. ज्युनिअरला मीच शिकवलं. कामात चांगला आहे, पण मनगट रिकामं. माझंही रिकामं आहे, पण ते माझ्या लक्षात आलं. फरक तिथे आहे.

आज मीटिंगमध्ये मोठ्या मॅडमनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, किती वाजले विचारलं. मी खिशातून मोबाईल काढला, त्याला तोंड दाखवलं, त्याने मला ओळखलं नाही. तोवर ज्युनिअरने भिंतीवर बघून सांगून टाकलं. भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं मागे आहे, तेव्हा उत्तर चुकीचंच होतं. पण बोलला तो. नेतृत्व हातातून असं निसटतं.

(भिंतीवरच्या घड्याळाचा सेल बदलायचं काम माझ्याकडे आहे. उद्या.)

५ मार्च, बुधवार. रात्री

भरपूर रिसर्च. डोळे लाल. शेवटच्या फेरीत दोन उरली.

निळं: पातळ. पट्टा आणि घड्याळाची चौकट एकाच तुकड्यातून कापल्यासारखी. बाहीखाली अलगद जातं. खानदानी.

काळं: डायव्हिंगचं. जाडजूड, काचेभोवती फिरणारी कडी. पाण्याखाली किती वेळ झाला ते त्या कडीवर कळतं. तीनशे मीटर खोल चालतं. मला पोहता येत नाही, पण इथे प्रश्न क्षमतेचा आहे.

एक निरीक्षण: जाहिरातीत सगळी घड्याळं दहा वाजून दहा मिनिटं दाखवतात. लेक म्हणाली, काटे तसे ठेवले की घड्याळ हसल्यासारखं दिसतं, म्हणून. कॉलेजात हेच शिकवतात बहुतेक. अहो, ती यशस्वी माणसाची वेळ आहे. अर्धी कामं उरकलेली, बाकीची दुसऱ्याला सांगून झालेली.

७ मार्च, शुक्रवार

हिला सांगितलं. शांतपणे, मुद्देसूद.

हिचं म्हणणं, बाथरूमसाठी बाजूला ठेवलेले पैसे बाथरूमसाठीच आहेत. फरशीतून पाणी झिरपतं, खालच्या मजल्यावरचे काका रोज जिन्यात गाठतात, त्यांच्या छताला डाग पडलाय, तो वाढत चाललाय. मी म्हटलं, इन्चार्ज झालो की पगार वाढेल, मग बाथरूम करू, टाइल्स तुझ्या पसंतीच्या. आधी घड्याळ, मग पद, मग बाथरूम. क्रम महत्त्वाचा.

ही म्हणाली, काळं घड्याळ किती खोल चालतं म्हणालात? तीनशे मीटर, मी म्हटलं. मग घ्या, म्हणाली, आपलं बाथरूम तिथवर पोचायला फार दिवस नाहीत.

याला मी होकार धरतो.

८ मार्च, शनिवार

शोरूम. दारावर बेल वाजवायची, मग आत घेतात. आत इतकी शांतता की माझे बूट वाजतात हे मला आज कळलं.

सेल्समन तरुण, काळा सूट, हातात पांढरे मोजे. आमच्याकडेही हातमोजे असतात, पण ते घातले की पेशंट घाबरतो. इथे मी घाबरलो. दाखवलं नाही.

निळं मागितलं. हातमोज्यांनी फार दुःखी चेहरा केला. निळं असं मिळत नाही, म्हणाले. त्याला यादी आहे. आणि यादीत नाव घालण्याआधी शोरूमशी नातं असावं लागतं. मी विचारलं, नातं म्हणजे? ते म्हणाले, हळूहळू जमतं सर, आधी इथल्या बाकीच्या वस्तू बघा.

या धंद्यात दुकानदार गिऱ्हाईक पसंत करतो. मला हे आवडलं. दर्जा आहे.

नात्याची सुरुवात म्हणून कफलिंक्स घेतल्या. स्टीलच्या. रुग्णालयाचा युनिफॉर्म अर्ध्या बाहीचा आहे, घरी कफ असलेला एकही शर्ट नाही. तेव्हा तसा एक शर्टही घेतला. नातं म्हटलं की खर्च आलाच.

१२ मार्च, बुधवार

भिंतीवरच्या घड्याळावरून ज्युनिअरने आज पुन्हा आठवण केली. उद्या नक्की.

नव्या बॅचच्या मुलींना मशीनची ओळख करून दिली. हे काम दरवेळी माझंच. मशीन म्हणजे एक अवाढव्य चुंबक, तो कधी बंद नसतो, सुट्टीच्या दिवशीही नसतो. खोलीत लोखंड गेलं की ते खेचलं जातं, मग ते चावी असो की सिलिंडर. म्हणून प्रत्येक पेशंटला विचारायचं: अंगावर धातूचं काही आहे? अंगठी, चेन, पिन, घड्याळ, चाव्या? तीनदा विचारायचं, कारण पहिल्यांदा सगळे नाहीच म्हणतात. दारावरची पाटी माझी आहे. "लोखंड आत गेलं, की ते आपलं राहत नाही." मॅडमनी पाटीचं कौतुक केलं होतं. इन्चार्जच्या निवडीत ते धरतील.

मुलींपैकी एकीने विचारलं, सर, तुम्ही घड्याळ नाही वापरत? मी म्हटलं, लवकरच. ज्युनिअर हसला. लक्षात ठेवलंय.

१५ मार्च, शनिवार

शोरूम. कॉफी घेतली. नातं घट्ट होतंय. हातमोज्यांनी मला नावाने हाक मारली, म्हणजे चुकीच्या नावाने, पण मारली.

निळ्याची यादी अजून उघडलेली नाही.

बसल्या बसल्या काळं हातात घालून पाहिलं. जड आहे. चांगल्या अर्थाने जड. मनगट माझं बारीक, पट्टा कोपरापर्यंत गेला. पट्ट्याच्या दोन-तीन कड्या काढून मापात बसवून देतो म्हणाले. अभ्यास इथे कामी येतो. मी म्हटलं, कड्या काढायच्या नाहीत, पुढे विकताना किंमत पडते. हातमोज्यांनी कौतुकाने पाहिलं. बहुतेक कौतुकानेच.

१६ मार्च, रविवार

दिवसभर जीव दोन्हीकडे ओढतोय. निळं की काळं.

निळ्याच्या बाजूने: सौंदर्य, खानदान, बाहीखाली मावतं.
काळ्याच्या बाजूने: मिळतंय.

लेकीला विचारलं. ती म्हणाली, बाबा, तुमच्या कामात घड्याळ बाहेर लॉकरमध्येच ठेवावं लागणार ना, मग रोज वापरणार कधी? मी म्हटलं, येता-जाता. ती म्हणाली, येता-जाता तुम्ही हेल्मेट आणि ग्लोव्हज घालता. पोरीने माझा उत्साह मारायचा विडाच उचललाय.

हिने चप्पल न घालता बाथरूममध्ये जायचं नाही असा नियम केलाय. फरशीचा एक तुकडा हलतो.

१८ मार्च, मंगळवार

आजचा दिवस ऐतिहासिक.

दुपारी हातमोज्यांचा फोन. निळं या वर्षी शक्य दिसत नाही सर, पुढच्याही नाही. पण काळ्याबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. हे घड्याळ अँटिमॅग्नेटिक आहे. चुंबकाचा त्याच्यावर परिणाम होत नाही. आत यंत्राभोवती मऊ लोखंडाची डबी असते, ती चुंबकाला अडवते.

फोन ठेवला आणि हिशेब केला. बाकीचे लोक दिवसभरात चुंबकाजवळ जाऊन जाऊन कुठे जातात? फ्रिजपाशी. मी रोज आठ तास चुंबकाच्या शेजारी बसतो. हे घड्याळ ज्याने बनवलं त्याच्या डोळ्यांसमोर माझ्यासारखाच कुणीतरी असणार.

निळं आता मला थोडं बायकी वाटतं. हिला तसं म्हणालो. हिने लाटणं खाली ठेवलं. मी वाक्य मागे घेतलं.

२२ मार्च, शनिवार

घेतलं.

कागदांवर सह्या करताना माझीच सही दोनदा चुकली. हातमोज्यांनी दुसरी सही पाहून पाणी मागवलं. बॉक्स केवढा तर आमच्या मिक्सरएवढा.

घरी येताना हेल्मेट घातलं, ग्लोव्हज घातले नाहीत. सिग्नलला मुद्दाम ब्रेकवरचा हात वर घेऊन केसांवरून फिरवला. हेल्मेटवरून. कुणाचं लक्ष नव्हतं.

खालचे काका जिन्यात भेटले. मी बाही सरकवली. ते म्हणाले, छताचं कधी करताय.

२४ मार्च, सोमवार

पहिला दिवस. पार्किंगपासून विभागापर्यंत डावा हात पोटाशी धरून चाललो. रिसेप्शनवरच्या बाईंनी विचारलं, हाताला लागलंय का?

नियमाप्रमाणे घड्याळ लॉकरमध्ये. मध्ये पाच-सहा वेळा बघून आलो. सुरक्षित आहे.

जेवताना घातलं. कॅन्टीनमध्ये एकाही माणसाने वेळ विचारली नाही. सगळ्यांकडे मोबाईल. समाज कुठे चाललाय.

२७ मार्च, गुरुवार

अजून कुणी वेळ विचारलेली नाही. आज लिफ्टमध्ये मीच एका माणसाला विचारली, म्हणजे तो उलट विचारेल. त्याने सांगितली आणि उतरला.

बातमी: बुधवारी, दोन तारखेला, वरून सुरक्षा समिती येणार. तिघेजण. ठीक दहाला. मॅडम म्हणाल्या, समितीसमोर विभाग कोण दाखवतो, कसा दाखवतो, ते बघून इन्चार्जचं नाव कळवू. दाखवणार मी. ज्युनिअर मदतीला.

म्हणजे बघा. घड्याळ आधी आलं, संधी मागून.

ठराव: समितीच्या दिवशी नवा शर्ट, कफलिंक्स, घड्याळ. बाहेरच्या खोलीत, चहाच्या वेळी, सहज बाही मागे. मॅडमची नजर जाईलच. मग लॉकर. नियम म्हणजे नियम. तसा हा नियम साध्या घड्याळांसाठी केलेला आहे, पण ते समितीला समजावत बसायला वेळ नाही.

३० मार्च, रविवार

आरशासमोर सराव. बाही मागे, हलकी मान, हलकं स्मित. लेकीने व्हिडिओ काढला आणि दाखवायला नकार दिला.

बाथरूममधला हलता तुकडा निघाला. हिने तो वर्तमानपत्रात बांधून माझ्या टेबलावर ठेवला, घड्याळाच्या बॉक्सशेजारी. काही बोलली नाही. एरवी तोंडाचा पट्टा सुरू असतो तेव्हा मला बरं वाटतं. आज मी बॉक्स त्या तुकड्यापासून जरा लांब सरकवला. पण तीनच दिवस राहिलेत.

१ एप्रिल, मंगळवार

सगळं तयार. शर्टाला इस्त्री. उद्याच्या भाषणाचे मुद्दे पाठ. ज्युनिअर म्हणाला, सर, तुम्हीच होणार इन्चार्ज, मला माहीत आहे. मनापासून म्हणाला असावा. इन्चार्ज झाल्यावर त्याला सांभाळून घेईन.

सेल राहिला.

२ एप्रिल, बुधवार. संध्याकाळ

लिहायला हवं. क्रमाने लिहितो.

समिती वेळेवर आली, त्यामुळे चहा नंतर ठेवला. माझा चहाचा बेत तिथेच कोलमडला. दोन गृहस्थ, एक बाई, आणि मॅडम. मी थेट दाराशी उभा राहिलो, पाटी वाचून दाखवली आणि म्हटलं, आता तुम्ही पेशंट आहात असं समजा. अंगावर धातूचं काही? अंगठी, चेन, पिन, घड्याळ, चाव्या? तीनदा विचारलं. तिघांनी सगळं ट्रेमध्ये काढून ठेवलं. बाई म्हणाल्या, असं नीट विचारताना आम्ही कुठेच पाहिलं नाही. मॅडमनी माझ्याकडे पाहून मान हलवली. त्या मानेचा अर्थ मला पुरता कळला. जागा माझी होती.

ट्रे माझ्या हातात होता. त्यात तीन घड्याळं. एकाचा पट्टा चामड्याचा, सुकलेला. दुसरं पावलं मोजणारं. बाईंचं बारीक, सोनेरी. तिन्ही माझ्यासमोर काहीच नव्हती. मला इतका आनंद झाला की काय सांगू. ट्रे ठेवेपर्यंत मी तिन्ही घड्याळं मनातल्या मनात हरवली.

ज्युनिअर हळूच म्हणाला, सर, कफलिंक्स. बरं झालं बोलला. त्या आठवणीने काढल्या, ट्रेमध्ये टाकल्या. कफ उघडे पडले आणि बाह्या बोटांपर्यंत खाली लोंबल्या. त्यामुळे बाहीच्या आत काय आहे ते त्याला दिसलं नाही. मलाही नाही.

आत गेलो. हे तोंड, इथून पेशंट आत सरकतो, असं म्हणून डावा हात वर केला. बाही मागे गेली. माझ्या सरावात जायची तशीच.

समितीने घड्याळ पाहिलं. सगळ्यांनी एकदमच पाहिलं. कारण ते माझ्या हातावर नव्हतं. पट्टा आधीच सैल, कड्या काढलेल्या नव्हत्या. मनगट कुणीतरी ओढल्यासारखं झालं, आणि मग ठण्ण. आत, वरच्या बाजूला, चिकटलेलं. लोखंडाच्या डबीसकट.

मी म्हटलं, अँटिमॅग्नेटिक आहे. हे मी का म्हटलं मला माहीत नाही.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मॅडम एवढंच म्हणाल्या, आत पेशंट असता तर?

३ एप्रिल, गुरुवार

मशीन बंद. कंपनीचा इंजिनिअर उद्या येणार. आज ज्यांचे स्कॅन होते त्या सगळ्यांना मी स्वतः फोन केले. एक गृहस्थ तीन आठवडे नंबरची वाट बघत होते. मशीन का बंद आहे विचारलं. तांत्रिक कारण, म्हटलं. फोन ठेवल्यावर मला माझी लाज वाटली. त्यांना पुन्हा फोन लावून खरं सांगितलं. ते म्हणाले, घड्याळ सापडलं ना तुमचं?

त्या आवाजातली काळजी ऐकून मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

हिला काल रात्रीच सगळं सांगितलं. ही ओरडेल म्हणून तयारीत होतो. हिने विचारलं, तुम्हाला कुठे लागलं नाही ना? आणि डावा हात ओढून बघितला. मनगटावर वळ आहे. हळद लावली. त्याच्यानंतर ओरडली.

४ एप्रिल, शुक्रवार

इंजिनिअरने घड्याळ काढलं. दोघांनी धरून, एका बाजूने ढकलत. मशीनला आत ओरखडा. बाकी ठीक. दुपारनंतर पेशंट सुरू.

घड्याळ परत हातात आलं. काच तडकलेली, काटे थांबलेले. दहा वाजून दहा मिनिटं.

लेकीला दाखवलं. मला वाटलं हसेल. ती म्हणाली, बाबा, राहू दे, आणि चहा करून आणला.

हातमोज्यांना फोन केला. म्हणाले, चुंबकाने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही सर. बाकी नातं आहेच.

७ एप्रिल, सोमवार

नाव लागलं. ज्युनिअर.

मी अभिनंदन केलं. हात पुढे केला तर तो वाकला. मी म्हटलं, अरे, इन्चार्ज आहेस, वाकतोस काय. त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, सर, त्या दिवशी मी तुमची बाही वर करून बघायला हवी होती. मला धीर झाला नाही. तुम्ही सीनिअर.

मला वाटलं होतं, मला त्याचा राग येईल. वाट पाहिली. आला नाही. मीच त्याला इतकी वर्षं सीनिअर म्हणजे काय ते शिकवलं होतं.

९ एप्रिल, बुधवार

नव्या इन्चार्जचा पहिला नियम. टेक्निशियनने पेशंटला विचारून झालं की पेशंटनेही टेक्निशियनला तोच प्रश्न विचारायचा. तुमच्या अंगावर धातूचं काही? विचारल्याशिवाय दार उघडायचं नाही. मॅडमना नियम फार आवडला. मलाही. चांगला आहे. मला सुचायला हवा होता.

दुसरं: त्याने जरा चाचरत विचारलं, सर, ते घड्याळ दाराशी फ्रेममध्ये लावलं तर चालेल? नव्या मुलींना दाखवायला. मी हो म्हटलं. कपाटात ठेवून काय करणार. फ्रेम माझ्या पाटीच्या बरोबर खाली बसली. लोखंड आत गेलं, की ते आपलं राहत नाही. येणारा-जाणारा प्रत्येकजण थांबून बघतो.

रोजचाच वापर म्हणायचा.

१३ एप्रिल, रविवार

बाथरूमचं काम सुरू. पैसे हिने तिच्या भावाकडून आणले. मी दोन दिवस खालच्या काकांकडे अंघोळीला जातोय. टॉवेल खांद्यावर, साबण हातात. अंघोळ करून निघालो की ते छताकडे बोट दाखवतात. मी बघतो. डाग खरंच मोठा आहे.

१४ एप्रिल, सोमवार

आज सतरा पेशंट. सतराही जणांनी विचारलं, तुमच्या अंगावर धातूचं काही आहे? सतरा वेळा नाही म्हटलं. मुकाट्याने.

शेवटी एक आजी होत्या. बांगड्या निघेनात, साबण लावून काढल्या. कानातलं काढलं. नियम समजावला तेव्हा हसल्या, आणि माझा हात हातात घेऊन, नीट उलटसुलट बघून विचारलं, तुझ्याकडे काही आहे का रे बाबा?

म्हटलं, नाही आजी. काही नाही.

मग त्या म्हणाल्या, किती वाजले रे? मुलगा न्यायला येणार आहे.

महिनाभर ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो आला. डावा हात आपोआप वर गेला. आजीही त्या हाताकडे बघत राहिल्या. मी हात खाली घेतला, बघून सांगतो म्हटलं, आणि बाहेर जाऊन भिंतीवरचं घड्याळ बघून आलो. त्यात पाच मिनिटं मिळवून सांगितली.

उद्या येताना सेल आणायचा आहे.